कॅप्टन जेकब आणि न दिसलेला ग्रह

कार्तिक महिन्यात रामटेकच्या गडावर त्रिपूर जाळतात. त्या रात्री गडाच्या माथ्यावरील ज्योत आसपासच्या खेड्यांतून दिसते. दूरच्या शिवारातील शेतकरी आपल्या अंगणात उभा राहून ती पाहतो आणि भक्तिभावाने हात जोडतो. ज्योत त्याला दिसते. परंतु ज्योतीजवळ उभा असलेला पुजारी त्याला दिसत नाही. म्हणून पुजारी तेथे नाहीच, असे काही तो म्हणत नाही. ज्योतीचे तेज इतके मोठे आणि मधले अंतर इतके लांब, की जवळचा मनुष्य त्या तेजात लोपून जातो.

आकाशातील ताऱ्यांचेही असेच आहे. प्रत्येक तारा हा एक सूर्य होय. आपल्या सूर्याभोवती पृथ्वी, गुरू, शनी इत्यादी ग्रह फिरतात, त्याप्रमाणे त्या दूरच्या सूर्यांभोवतीही ग्रह फिरत असतील काय? हा प्रश्न फार जुना आहे. कवींनी आणि तत्त्वज्ञांनी त्याची उत्तरे आपापल्या कल्पनेने दिली. परंतु दुर्बीण, मोजपट्टी आणि गणित यांच्या साहाय्याने ज्यांनी प्रथम त्याचे उत्तर शोधू पाहिले, त्यांपैकी एकाची वेधशाळा आपल्या महाराष्ट्रात, पुण्यास होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचे नाव विल्यम स्टीफन जेकब.

जेकबचा जन्म १९ नोव्हेंबर १८१३ रोजी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील वुलाव्हिंग्टन या गावी झाला. त्याचे वडील तेथील धर्मोपदेशक होते. घरात मुले पुष्कळ. विल्यम हा सहावा मुलगा. सिंध प्रांतात जेकबाबाद हे शहर वसविणारा जॉन जेकब हा त्याचा वडील भाऊ. त्या काळी अशा घरांतील पुष्कळ मुले ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरत. विल्यमही पंधराव्या वर्षाच्या सुमारास कंपनीच्या ॲडिस्कंब येथील विद्यालयात दाखल झाला, तेथे स्थापत्यविद्येत उत्तीर्ण झाला, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर पथकात रुजू झाला.

त्या वेळी हिंदुस्थानची भूमी मोजण्याचे प्रचंड काम चालू होते. त्यास त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे म्हणत. या कामाचा पाया घालणारा विल्यम लॅम्टन हा आपल्या विदर्भातच, हिंगणघाट येथे, १८२३ मध्ये मरण पावला. कंपनीला ही मोजणी हवी होती ती राज्य चालविण्याच्या आणि महसूल गोळा करण्याच्या सोयीसाठी, यात संशय नाही; परंतु ती करता करता काही माणसांच्या हातांना आणि डोळ्यांना असा नेमकेपणा आला की तो पुढे शास्त्राच्या उपयोगी पडला. जेकब त्यांपैकी एक होता. या खात्यात त्याने काही वर्षे काढली. डोंगराच्या माथ्यावर थिओडोलाइट मांडावयाचे, दूरच्या दुसऱ्या शिखरावरील खूण न्याहाळावयाची, कोन वाचावयाचा, पुन्हा वाचावयाचा, दहा वेळा वाचून त्यांची सरासरी काढावयाची, असे हे काम असे. दूरवरच्या वस्तूपाशी न जाता केवळ कोन मोजून तिचे स्थान कसे ठरवावे, हे तो तेथे शिकला. ताऱ्यांपाशी तर कोणालाच जाता येत नाही.

१८४२ मध्ये त्याने पुण्यास स्वतःची एक लहानशी वेधशाळा उभारली. वेधशाळा म्हणजे काही राजवाडा नव्हता. लंडनच्या डॉलंड नावाच्या प्रसिद्ध कारागिराने बनविलेली पाच फूट लांबीची दुर्बीण, हेच तेथील मुख्य साधन. मात्र पुण्याचे आकाश, पावसाळा संपल्यावर, युरोपातील पुष्कळ शहरांनी हेवा करावा असे निर्मळ असे. शिवाय इंग्लंडमधून ज्यांचे दर्शनही होत नाही असे दक्षिणेकडील तारे येथून सहज दिसत.

जेकबने आपल्या वेधांसाठी विषय निवडला तो जुळ्या ताऱ्यांचा. नुसत्या डोळ्यांनी पाहिले असता जो एकच तारा वाटतो, तो दुर्बिणीतून पाहिला म्हणजे कित्येकदा दोन ताऱ्यांची जोडी ठरतो. अशा पुष्कळ जोड्यांतील तारे परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असतात व एकमेकांभोवती फिरतात. मुलांनो, फुगडी खेळणाऱ्या दोन मुली डोळ्यांसमोर आणा. हात घट्ट धरून त्या गरगर फिरतात, तेव्हा दोघींपैकी कोणीच जागच्या जागी स्थिर नसते. दोघींच्या मधील एका बिंदूभोवती दोघी फिरत असतात. एक अंगाने भारी असली तर तो बिंदू तिच्याकडे सरकतो. आकाशातील फुगडी मात्र अतिशय संथ असते. एक फेरी पुरी होण्यास कित्येकदा माणसाचे सारे आयुष्य अपुरे पडते. म्हणून एका ज्योतिर्विदाने घेतलेले वेध दुसऱ्याने पुढे चालवावे लागतात.

१८४३ मध्ये जेकब रजेवर मायदेशी गेला, तेथे त्याचा विवाह झाला, आणि १८४५ मध्ये तो परत आला. परत येताच थोड्याच अवधीत त्याने कंपनीची चाकरी सोडली. तोपर्यंत तो कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला होता. पगाराची, मानाची नोकरी सोडून हा मनुष्य रात्री आकाश पाहत बसला, याचे शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटले असेल, याची आपण कल्पनाच करावी! १८४७ मध्ये वृश्चिक राशीतील जोडी समजल्या जाणाऱ्या एका ताऱ्यात तिसराही तारा आहे, हे त्याने पाहिले. पुण्याहून पाहिलेल्या २४४ जुळ्या ताऱ्यांची यादी त्याने तयार केली व ती १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीस सादर केली.

याच यादीमुळे त्याचे नाव विद्वानांत झाले असावे. १८४८ च्या डिसेंबरात मद्रास येथील वेधशाळेच्या संचालकाची जागा त्यास मिळाली. पॅरिसच्या लेरेबूर्स आणि सेक्रेतां या कारागिरांची सुमारे सहा इंच व्यासाच्या भिंगाची नवी दुर्बीण १८५० मध्ये तेथे आली. मद्रासला त्याने केलेले काम थोडे नव्हते. त्याने १,४४० ताऱ्यांच्या स्थानांची यादी प्रसिद्ध केली. शनीभोवती जे अंधुक कडे आहे ते पारदर्शक असून त्यातून पलीकडे दिसते, हे १८५२ मध्ये त्याच्या ध्यानात आले. आणखी एक काम मला विशेष वाटते. जुन्या यादीतील काही तारे आकाशात मोठ्या वेगाने सरकत आहेत, असा समज होता. जेकबने त्यांपैकी ३१७ तारे पुन्हा मोजले आणि तो वेग ताऱ्यांचा नसून मोजणाऱ्यांच्या चुकीचा आहे, असे दाखवून दिले. हे येथे लक्षात ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन पडेल.

आता त्या एका ताऱ्याकडे वळू. भुजंगधारी नावाच्या तारकासमूहात एक मंद तारा आहे. फ्लॅमस्टीड या इंग्लिश ज्योतिर्विदाच्या यादीत त्याचा क्रमांक सत्तर आहे. तो जोडतारा असल्याचे विल्यम हर्शेलने १७७९ मध्ये शोधून काढले. नारिंगी रंगाचे दोन सूर्य, दोन्ही आपल्या सूर्याहून लहान, एकमेकांभोवती सुमारे ८८ वर्षांत एक फेरी घालतात. आकाशातील अंतरांच्या मानाने हे आपले जवळचे शेजारीच होत. त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास साडेसोळा वर्षांहून थोडाच अधिक काळ लागतो. जवळची जोडी असल्यामुळे युरोपातील अनेक गणितींनी तिची कक्षा ठरविण्याचा प्रयत्न केला. परंतु या ताऱ्यांनी सर्वांना चकविले. आज कक्षा ठरवावी, आणि काही वर्षांनी पाहावे तो तारा गणिताने सांगितलेल्या जागी नाही!

अशा वेळी मनुष्य काय करतो? शाळेच्या प्रयोगशाळेत पुस्तकातील उत्तर आधी वहीत उतरवून मग प्रयोगाला हात घालणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचे गणित आणि प्रयोग यांत कधीच विरोध येत नाही. जेकबचे तसे नव्हते. पुण्याच्या व मद्रासच्या वर्षांत मोजमाप हाच त्याचा व्यवसाय झाला होता. गणित आणि वेध जुळत नाहीत, तर त्याला काही कारण असले पाहिजे, असे त्याने मानले.

त्या दिवसांत अशा विसंगतीतून एक मोठा शोध लागला होता. युरेनस हा ग्रह गणिताप्रमाणे चालत नव्हता. फ्रान्समध्ये लव्हेरिए व इंग्लंडमध्ये ॲडम्स यांनी असे गणित मांडले की एखादा अज्ञात ग्रह त्यास ओढीत असला पाहिजे. आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन येथे गालेने दुर्बीण त्या दिशेस रोखताच नेपच्यून सापडला. जर्मन पंडित बेसेल यानेही १८४४ मध्ये व्याध ताऱ्याच्या डुलत्या गतीवरून त्याला एक न दिसणारा सोबती असल्याचे सांगितले होते. म्हणजे जे दिसत नाही ते त्याच्या ओढीवरून ओळखावे, ही युक्ती तेव्हा नवी आणि यशस्वी होती. जेकबने तीच ७० भुजंगधारीस लावली. पुन्हा आपल्या फुगडीकडे चला. दोघी मुली फिरत असता एकीचा धाकटा भाऊ तिचा पदर धरून तिच्याभोवती पळू लागला, तर ती त्याच्या ओढीने कधी इकडे, कधी तिकडे किंचित झुकेल आणि फुगडीचे वर्तुळ वेडेवाकडे होईल. अंधारात भाऊ दिसला नाही, तरी बिघडलेले वर्तुळ पाहून कोणीतरी ओढतो आहे, हे ओळखता येईल.

१८५५ मध्ये जेकबने आपले अनुमान सोसायटीच्या मासिक पत्रिकेत प्रसिद्ध केले. या जोडीतील एका ताऱ्याभोवती ग्रहासारखी एखादी वस्तू फिरत असावी, असे मानल्यास वेधांतील विसंगती पुष्कळ कमी होते, असे त्याने दाखविले. आपल्या सूर्याखेरीज दुसऱ्या सूर्याचा ग्रह वेधांच्या आधारे सांगण्याचा हा पहिलाच प्रयत्न समजला जातो. शब्द त्याने जपून वापरले. ग्रह आहेच असे न म्हणता, तो असणे फार संभवनीय आहे, एवढेच तो म्हणाला. त्या सुमारास इंग्लंडमध्ये इतर गोलांवर वस्ती आहे की नाही, यावर विद्वानांचा मोठा वाद पेटला होता. जेकबनेही त्याच वर्षी या वादावर एक छोटी पुस्तिका लिहिली. पण आपल्या दृष्टीने त्या वादापेक्षा त्याच्या आकड्यांची किंमत अधिक आहे.

आणि या आकड्यांतच खरी अडचण होती. आपल्याकडील गणिताप्रमाणे वर्तुळाचे अंश ३६०, एका अंशाच्या कला ६० आणि एका कलेच्या विकला ६०. एक विकला म्हणजे केवढा कोन? रामटेकच्या गडावर अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे कोणी उभे धरले आणि पाच किलोमीटर अंतरावरून आपण ते पाहिले, तर ते सुमारे एक विकला एवढे भरेल. त्या दोन ताऱ्यांमधील अंतरच मुळी थोड्या विकलांचे; आणि ज्या फरकावरून ग्रह ओळखावयाचा तो एका विकलेहूनही लहान. हवेच्या हालचालीने तारा थरथरतो, भिंग थोडे फसवते, दोन निरीक्षकांचे डोळे सारखे नसतात. शिवाय १७७९ पासून १८५५ पर्यंत अवघी ७६ वर्षे झाली होती. ताऱ्यांची एक फेरीसुद्धा अजून कोणी पुरी पाहिली नव्हती. ज्याने ३१७ ताऱ्यांच्या बाबतीत इतरांच्या मोजण्यातील चुका उघड केल्या, त्यालाच आता असे विचारावे लागत होते की, ही ओढ ग्रहाची की आपल्याच मोजमापाची?

उत्तरासाठी अधिक मोठी दुर्बीण आणि अधिक स्थिर हवा हवी होती. १८५६ मध्ये पियाझी स्मिथ या ज्योतिर्विदाने टेनेरिफ बेटाच्या डोंगरावर दुर्बीण नेऊन, उंचावरून तारे किती स्वच्छ दिसतात हे दाखविले होते. जेकबला आठवण झाली ती पुण्याजवळच्या डोंगरांची. परंतु मद्रासच्या उष्ण हवेने त्याची प्रकृती ढासळली होती. त्याला वारंवार आजारपणाची रजा घ्यावी लागे. अखेर ऑक्टोबर १८५९ मध्ये त्याने मद्रासची जागा सोडली. पुढच्या वर्षी, १८ जुलै १८६० रोजी, स्पेनमध्ये खग्रास सूर्यग्रहण पाहण्यास गेलेल्या मंडळीत मात्र तो होता. दुखण्याने शरीर थकले, तरी पुण्याचा बेत त्याने सोडला नाही. नऊ इंची भिंगाची दुर्बीण त्याने स्वतःच्या पैशाने विकत घेतली. १८६२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने या कामास एक हजार पौंड मंजूर केले, आणि तीन वर्षे पुण्याजवळच्या डोंगरावर राहून वेध घेण्याचे त्याने कबूल केले.

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत ॲल्व्हन क्लार्क याने नव्या भिंगातून व्याधाचा तो अदृश्य सोबती प्रत्यक्ष पाहिला. बेसेलचे अनुमान खरे ठरले होते. मग जेकबचे का ठरू नये?

८ ऑगस्ट १८६२ रोजी तो मुंबई बंदरात उतरला. भर पावसाळ्याचे दिवस. बोरघाटातील लोहमार्ग तेव्हा पुरा झालेला नव्हता. तो पुढल्या वर्षी सुरू झाला. त्यामुळे घाट रस्त्यानेच चढावा लागे. जेकब पुण्यास पोहोचला, आणि १६ ऑगस्ट रोजी तेथेच मरण पावला. मुंबईला उतरून त्यास आठच दिवस झाले होते. वय अठ्ठेचाळीस. ज्या आकाशासाठी तो समुद्र ओलांडून आला, त्या आकाशातील एक ताराही त्याच्या नव्या दुर्बिणीला दिसला नाही.

त्याच्या ग्रहाचे पुढे काय झाले? १८९६ मध्ये अमेरिकेतील टॉमस सी याने त्याच जोडीत एक अदृश्य सोबती असल्याचे पुन्हा सांगितले, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने. १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टनने गणिताने दाखविले की त्याने सांगितलेल्या कक्षेत असा सोबती टिकूच शकणार नाही. तरी आशा संपली नाही. १९४३ मध्ये छायाचित्रांच्या साहाय्याने आणखी एकदा तसाच दावा झाला. त्यानंतरच्या अधिक काटेकोर मोजमापांत मात्र ग्रहाचा मागमूस लागला नाही. जेकबला जाणवलेली ओढ मोजमापांतील बारीक चुकांची होती, असेच आज मानले जाते.

पण न दिसणाऱ्याला त्याच्या ओढीवरून ओळखण्याची वाट खरी होती. १९९२ मध्ये एका मृत ताऱ्याच्या स्पंदनांतील फरकावरून त्याच्याभोवतीचे ग्रह सापडले. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी उच्चैःश्रवा तारकासमूहातील, सूर्यासारख्या एका ताऱ्याचा ग्रह शोधला. ताऱ्याचा प्रकाश तपासून, तो तारा किंचित पुढे-मागे ओढला जातो, हे त्यांनी ओळखले. आजवर सापडलेल्या परग्रहांची संख्या पाच हजारांच्या वर गेली आहे. आठ ग्रहांची एक ग्रहमालाही सापडली आहे. परंतु आपल्या पृथ्वीच्या कक्षेएवढ्याच जागेत तिचे आठही ग्रह दाटीने बसलेले आहेत. आपल्या सूर्यमालेशी सर्वांगी जुळणारी माला अजून मिळावयाची आहे. २०१९ मध्ये एका ताऱ्याला बिभा चौधुरी या भारतीय विदुषीच्या स्मरणार्थ बिभा हे नाव मिळाले, आणि त्याच्या ग्रहाला संतमस. संतमस म्हणजे दाट अंधार. हे संस्कृत नाव सुचविले ते पुण्याच्या एका शाळकरी मुलाने!

पुण्यानेही आकाशाचा नाद सोडला नाही. १८८८ मध्ये तेथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली व १९१२ पर्यंत चालली. २००६ पासून जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी आहे. मद्रासच्या वेधशाळेतील जेकबच्या काळची दुर्बीण पुढे कोडाईकनालला नेण्यात आली.

पावसाळा ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, अंधाऱ्या पक्षात रामटेकच्या गडावर रात्री साडेसातला उभे राहावे आणि नैर्ऋत्य दिशेस बरेच वर पाहावे. गावाचे दिवे आड आले नाहीत, तर भुजंगधारीतील तो मंद तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्यातील दोन्ही सूर्यांची फुगडी अजून चालूच आहे. जेकबचा लेख छापला गेला त्या वर्षी ते दोघे जेथे होते, तेथे ते १९४३ मध्ये एकदा परत आले. २०३१ च्या अखेरीस दुसऱ्यांदा येतील.